शांताला दिलेली ओ

माळा कोसळला तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. आधी लाकूड चिरफाळल्याचा आवाज आला, मग लोखंडी ट्रंक आपटल्याचा, आणि मग बराच वेळ आत काहीतरी घरंगळत राहिलं. दारातून धूळ बाहेर आली. मी आत गेले. मीना स्टुलाशेजारी पालथी पडली होती. तिच्या पाठीवर ते जुनं, टेपा वाजवायचं स्पूलचं मशीन होतं... जे माळ्यावर चढवायला आम्हाला दोन हमाल लागले होते. डोकं फळीखाली. टेपांच्या चकत्या फुटून सुटल्या होत्या आणि तपकिरी फिती तिच्या केसांत, हातावर, सगळ्या जमिनीवर पसरल्या होत्या. मी मशीन ओढायला गेले. ते जागचं हललं नाही. मी म्हातारी बाई, माझ्याने ते हलणार तरी कसं.

चाळीतले पुरुष आले, त्यांनी तिला काढलं. तेवढा वेळ मी तिच्या तोंडावरच्या फिती बाजूला करत बसले. दुसरं काही सुचलं नाही.

आता सांगते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तुमच्या मासिकात असले अनुभव येतात ते मी दुपारी वाचते आणि बहुतेक वेळा हसते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण खानावळ चालवून माणसं पुष्कळ पाहिली आहेत, आणि अंगात येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना घरात कोणी विचारत नाही म्हणून येतं हे मला माहीत आहे. तरी ही गोष्ट मी लिहिते आहे, कारण तोंडी सांगितली की लोक मला समजावत बसतात. मला समजूत नको आहे.

आमची चाळ घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. गिरणगावातली खानावळ बंद केल्यावर मी इकडे आले. दोन खोल्या होत्या, शेजारी शेजारी. एकीत मी राहायचे, दुसरीत खानावळीची पातेली आणि पिंपं पडून होती. ती दुसरी खोली मी मीनाला तिच्या कामाला आणि टेपा ठेवायला दिली.

मीना रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमासाठी बाहेरून काम करायची. लग्न केलेलं नव्हतं. बोरिवलीला भावाकडे राहायची. त्या कार्यक्रमात लोणची, बाळाची मालीश असलं चालायचं, त्यात ही मारामारी करून दुसऱ्या गोष्टी घुसवायची. माहुलला जाऊन तिथल्या कोळणींना विचारायची, कारखाने आले आणि तुमच्या खाडीचं काय झालं. मुलुंडच्या नर्सबायांना रात्रपाळीचं विचारायची. नवऱ्याने मारलेल्या बाईला विचारायची, पोलीस चौकीत काय म्हणाले. तासभर बोलणं भरायची, त्यातलं रेडिओवर लागायचं पाच मिनिटं. आणि लागून गेलं की ती टेप पुसून त्यावर दुसरं भरायचं. टेपा महाग, त्यामुळे पद्धतच तशी. कोणाला त्याचा राग नव्हता. मीनाला मात्र ते सोसायचं नाही. टेप पुसायला जायच्या आधी ती कोणाच्या तरी हातापाया पडून त्याची दुसरी टेप करून घ्यायची. अशा करून करून तिच्याकडे ढीग झाला.

"काकी, एवढ्या बायका बोलल्या आणि मागे काही राहत नाही," ती म्हणायची.

"बायका रोज नळावर बोलतात. तिथे काय मागे राहतं?"

"तेच तर म्हणते मी."

"मग नळावर बस मशीन घेऊन."

"बसले होते. तुम्हीच हाकललंत. म्हणालात, कळशी लावायची तर लाव, नाहीतर ऊठ."

खरं होतं ते.

त्या टेपांमध्ये एक शांताची होती. शांता साताऱ्याकडची, मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला. रविवारी आमच्याकडे बायका जमायच्या त्यात यायची. आवाज असा की तिला मशीनपासून लांब बसवावं लागायचं. पहिल्यांदा माईक समोर धरला तेव्हा म्हणाली, "आक्का, माझा मालक म्हंतो तुझा आवाज गल्लीत मावंना, ह्या डबड्यात कसा मावायचा?" मला आक्का म्हणणारी ती एकटीच. बाकी सगळ्या चाळीची मी काकी. कारखान्यात बायकांच्या संडासाला कुलूप लावायचे आणि किल्ली मुकादमाकडे मागावी लागायची, हे तिने त्या टेपेत सांगितलं, हसवत हसवत सांगितलं. ते रेडिओवर लागलं नाही. वेळ संपला म्हणे. मीना त्यावर चिडून दोन दिवस माझ्याकडे जेवली नव्हती, जसं काही मीच ते कापलं.

पुढल्या थंडीत शांता काविळीने गेली. मी आणि मीना दोघी मयतीला गेलो होतो. तिला उचलून नेताना मी डोळ्यांनी पाहिलं. हे मुद्दाम लिहिते.

माळ्याचं आता सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याचं पाणी खोल्यांत येतं. त्या वर्षी गुडघाभर आलं आणि मीनाच्या एका ट्रंकेत खालून शिरलं. काही टेपांना बुरशी धरली. ती एकेक टेप कोरड्या फडक्याने पुसत बसली होती आणि तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, सगळं माळ्यावर टाक.

"वजन झेपेल ना, काकी?"

"माझी तांदळाची पिंपं झेपली, तुझ्या फिती नाही झेपणार?"

तिने वर पाहिलं. मी म्हटलं, "माझं घर आहे, मला विचारतेस की माळ्याला?" मग ती हसली आणि हमाल बोलावले. ट्रंका चढल्या, खोकी चढली. शेवटी ते बंद पडलेलं मशीन चढलं, जे तिने कोणाकडून तरी मागून आणलं होतं आणि ती कधीतरी दुरुस्त करणार होती.

त्यानंतर त्या खोलीत झाडताना मला रोज भिंतीच्या कडेला पिवळसर भुगा दिसायचा. मी झाडून टाकायचे. मला वाटलं, गिलावा सुटतोय. मान वर करून बघितलं नाही.

आता तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती, दुपारची वेळ. मीना बरेच महिने माझ्या मागे लागली होती, काकी, तुमचं खानावळीचं रेकॉर्ड करू द्या. मी नको म्हणत होते. त्या दिवशी हो म्हटलं, कारण लाईट गेले होते आणि मला वाटलं मशीन चालणारच नाही. तिने पिशवीतून सेलवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर काढला.

"फसवलंस तू मला."

"बसा काकी. आणि देवळात बोलल्यासारखं बोलू नका. नळावर बोलता तसं बोला."

मी भिंतीला टेकून बसले, पाटावर. माळा माझ्या डोक्यावर होता. मीना समोर, दाराजवळ, मध्ये टेपरेकॉर्डर. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. तिने विचारलं, खानावळ कोणाच्या नावावर होती. मी म्हटलं, "खोली दिराच्या नावावर, खानावळ नवऱ्याच्या नावावर, चूल तेवढी माझ्या नावावर." ती हसली, पण आवाज न करता, तोंडावर हात ठेवून. टेपेत आवाज जाऊ नये म्हणून. मी पुढे सांगू लागले, नवरा गेल्यावर दीर आला आणि—

तेव्हा बाहेरून हाक आली. "आक्का, जरा भाईर या की."

स्वच्छ आली. लांबून नाही, दाराच्या पलीकडून. घाईत असल्यासारखी, काहीतरी देऊन लगेच बस पकडायची आहे अशी.

इथे एक सांगते. माझी आई मालवणकडची. तिने आम्हा मुलांना शिकवलं होतं की एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि ओ देणारा जातो. मी हे मानत नाही, पण लहानपणी जिभेला लागलेली सवय सुटत नाही. चाळीतल्या पोरी माझी चेष्टा करायच्या, काकीला तीनदा बोलवावं लागतं, बहिरी आहे. त्या दिवशी मी एकाच हाकेला ओ दिली.

"आले गं शांता," असं म्हणून मी उठले.

शांता मेली आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खोटं सांगत नाही. तिने हाक मारली, मी उठले, एवढंच. मीना म्हणाली, "शांता? कुठली शांता?" मी म्हटलं, "आपली. मरोळची." मी तिला ओलांडून दार उघडलं आणि बाहेर आले.

बाहेर समोरच्या ओट्यावर शेजारची सरूची आई तांदूळ निवडत बसली होती. दुसरं कोणी नाही. नळावर कळशी भरत होती. मी नळापर्यंत जाऊन इकडे तिकडे बघून आले.

"काय काकी, कोणाला शोधता? तुमचा म्हातारा आला का परत?"

"आला तर तुझ्याकडे पाठवते. माझ्याकडे जागा नाही. शांता कुठे गेली गं?"

"कोण शांता?"

तिने असं विचारलं तेव्हा मला आठवलं. आणि माळा खाली आला.

मीनाला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिचा भाऊ प्रकाश बोरिवलीहून आला. सरळ माणूस, बँकेत नोकरीला. वॉर्डाबाहेर त्याने मला विचारलं, "एवढं सामान वर ठेवायला कोणी सांगितलं?"

"मी."

"तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं."

तो वळला आणि आत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध आली. मला आत सोडलं. पाठ मोडली होती, पण बोलत होती, हळू. पहिलं विचारलं ते, "टेपा भिजल्या का?"

"पाऊस नाही गं. दिवाळी झाली."

"हो. छोटा टेपरेकॉर्डर बंद केलात का? सेल संपतील."

"केला," मी खोटं बोलले. मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

मग म्हणाली, "काकी, बाहेर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"शांता म्हणालात तुम्ही."

"म्हणाले."

"तुम्ही तिचं नाव काढलंत आणि मला तिची टेप आठवली. पाण्यात गेलेल्या ट्रंकेत होती की वाचली, ते मी बघितलंच नव्हतं. म्हटलं तुम्ही येईपर्यंत बघून घेऊ... मिळाली होती. हातात होती माझ्या."

मी तिला पाणी पाजलं. तिने मला दोष दिला नाही आणि दोष नाही असंही म्हणाली नाही. ती फक्त काय झालं ते सांगत होती. तिचं कामच ते होतं.

मग ताप चढला. चौथ्या की पाचव्या दिवशी ती गेली.

तेरावं झाल्यावर प्रकाश माझ्याकडे आला. तिच्या पिशवीसोबत तो छोटा टेपरेकॉर्डर मी त्याच्याकडे दिला होता. कॅसेट आतच होती, शेवटपर्यंत फिरून थांबलेली. त्याने नवे सेल घातले होते. म्हणाला, "काकी, हे तुम्ही ऐका. मला एकट्याला ऐकवत नाही." आम्ही माझ्या खोलीत, चटईवर बसून ऐकलं.

माझा आवाज. दिराच्या नावावर, नवऱ्याच्या नावावर, चूल माझ्या नावावर. मग नवरा गेल्यावर दीर आला आणि. त्यानंतर काही नाही. नळाचं पाणी कळशीत पडतंय ते ऐकू येतं. सरूच्या आईच्या सुपाचा आवाज येतो. आणि मग माझा आवाज, मोठा, आनंदाने बोलावल्यासारखा — "आले गं शांता."

प्रकाशने ते मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा मागे घेतलं. पाणी, सूप, आले गं शांता. मध्ये हाक नाही.

पुढे मीना विचारते, कुठली शांता. मी सांगते, आपली, मरोळची. दार वाजतं. मग मीना एकटीच म्हणते, "काकी, अहो शांता कशी येईल..." हे मी तेव्हा ऐकलं नव्हतं, मी बाहेर पोचले होते. मग ती म्हणते, "तिची टेप," आणि स्टूल ओढल्याचा आवाज येतो. बाहेरून सरूची आई म्हातारा परत आला का म्हणते, तेसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. बाहेरचं सगळं ऐकू येतं. वर काहीतरी सरकवल्याचा आवाज. "हं, ही बघ," असं मीना म्हणते.

पुढचं लिहीत नाही. प्रकाशने तिथे बटण दाबलं.

मग त्याने विचारलं, "तुम्ही कोणाला ओ दिलीत?"

"शांताला."

"ती कुठे असते?"

"मेली. गेल्या थंडीत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मला वेडी म्हणणार. तो म्हणाला, "तुम्ही ओ दिली नसती तर ताई उठली नसती."

"नसती उठली."

"मग?"

"मग काय. मी माळ्याखाली बसले होते. सुताराने बघितलं, तुळई आतून वाळवीने खाल्ली होती. तो म्हणाला माळा आज ना उद्या खाली येणारच होता. पण आज की उद्या, ते त्याला सांगता आलं नाही."

"म्हणजे तुम्हाला वाचवायला हाक मारली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. मला वाचवायचं होतं तर दोघींना हाक मारायची. शांतासाठी मीनाने काय कमी केलं होतं? मी तिला दोन वेळा जेवायला घातलं, बस. आणि मारायचं होतं म्हणावं तर शांता कोणाचं वाईट करणारी बाई नव्हती."

प्रकाशचं म्हणणं पडलं, टेपा भंगारात द्याव्यात आणि ही कॅसेट पुसून टाकावी. मी कॅसेट त्याच्या हातातून घेतली आणि तिच्या पाठीवरचा तो प्लॅस्टिकचा तुकडा नखाने मोडला, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मीनाने शिकवलं होतं. तो म्हणाला, "हे ठेवून काय करणार तुम्ही?" मी म्हटलं, "तुझी बहीण बोलतेय त्यात. कोण पुसणार? मी?" तो चटईवर बसून रडला. मी चहा ठेवला.

मीनाच्या ओळखीची एक मुलगी पवईला शिकायला होती, मशिनांचं तिला कळतं. तिला कॅसेट ऐकवली. ती म्हणाली, माईक तुमच्याकडे वळवलेला असेल, दाराकडचा आवाज कधी कधी येत नाही. मी म्हटलं, सरूची आई ओट्यावरून बोलली ते आलं, दारातून मारलेली हाक येत नाही? तिने पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, मला माहीत नाही, काकी. निदान खरं बोलली. दुसरी एक म्हणाली, तुम्ही खानावळीच्या जुन्या आठवणीत होता, मनात आवाज आला असेल. असेल. पण मनात आला तर शांताचाच का? दिराचं बोलत होते तेव्हा शांता माझ्या मनात कुठे होती? आणि सरूच्या आईने शपथेवर सांगितलं की तिने हाक मारली नाही, कोणीच मारली नाही, काकी आपणहून बाहेर आल्या. ती मला आक्का म्हणतही नाही.

माझी आई म्हणायची, ओ देणारा जातो. मी ओ दिली आणि मी गेले नाही, जिला हाक आलीच नाही ती गेली. मी बसल्या बसल्या हे दोन्ही बाजूंनी लावून बघते. गप्प राहिले असते तर मीना समोर बसून राहिली असती. मग कदाचित माळा माझ्यावर आला असता, किंवा कोणावरच आला नसता, आणि संध्याकाळी ती बोरिवलीला गेली असती. ह्यातलं कुठलं, हे मला कोणी सांगू शकत नाही. पण माळ्यावर ठेव मी म्हटलं, भुगा मी झाडला आणि ओ मी दिली. ह्या तीन गोष्टींना हाकेचा काही संबंध नाही. त्या माझ्या.

टेपा आता त्याच खोलीत आहेत, जमिनीवर, विटांवर फळ्या टाकून. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की मी आणि सरूची आई खोकी माझ्या पलंगावर आणतो आणि मी खाली पिंपावर बसून राहते. मीनाच्या मैत्रिणी येतात, फुटलेल्या चकत्यांतल्या फिती नव्या चकत्यांवर गुंडाळतात, वर नावं लिहितात. शांताची टेप शाबूत आहे. त्यांनी ती लावली तेव्हा मी बाहेर जाऊन बसले. ती हसत हसत किल्लीचं सांगते, ते दारातून ऐकू येत होतं. आता हाक मारली तर ओ द्यायची की नाही, हे मी ठरवलेलं नाही. हाक परत आलेली नाही.

त्या दुपारी खोलीत आम्ही दोघी होतो. मीना तिशीतली होती. मी साठीच्या पुढची, पोरंबाळं नसलेली, खानावळ बंद करून बसलेली बाई. मीना गेली. मी जिवंत आहे.